दार बुजवलं, चौकट भिंतीतच गाडली : २४,५०० रुपयांना टोपी

डोंबिवलीतला जोडफ्लॅट. एक बाजू भाड्यानं द्यायची म्हणून मधलं ३ बाय ७ फुटांचं दार बुजवून घेतलं. ठेकेदारानं हिशेब लिहून दिला होता: चौकट काढणे १,५००, चार इंची वीटकाम ७,०००, दोन्ही अंगांचं प्लास्टर ६,०००, सांध्याला जाळी १,८००, लांबी (पुट्टी)-प्रायमर-रंग ८,२००. एकूण २४,५००. आगाऊ १०,०००, वीटकामानंतर ८,०००, रंग झाल्यावर ६,५००. घासाघीस न करता सगळे दिले.

पहिल्या पावसात भिंतीवर रेघा उमटल्या. एक नाही, जोडीनं. दोन उभ्या डावीकडे, दोन उजवीकडे, दोन आडव्या वरती. प्रत्येक जोडीत बरोब्बर अडीच इंचाचं अंतर. त्या दोन रेघांच्या मधे ६ एमएमचं ड्रिल घातलं, तर विटेचा लाल चुरा येण्याऐवजी तपकिरी भुसा बाहेर आला. सागवानी भुसा! चौकट काढलीच नव्हती. तिच्या आत विटा रचल्या, वरून पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) थापलं, लांबी मारली, रंग फासला आणि काढण्याचे १,५०० खिशात घातले.

लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, वीट तसं करत नाही. त्यामुळे रेघ पडणारच. शिवाय चौकटीवर जुना ऑइलपेंट, त्यावर पीओपी धरत नाही, पापुद्रे सुटतात. आणि खरा धोका वेगळाच आहे: नव्या विटा जुन्या भिंतीला कुठेच बांधलेल्या नाहीत, नुसत्या चौकटीत उभ्या आहेत. पलीकडे परकं बिऱ्हाड राहणार, आणि मधे ही असली भिंत.

आता ज्यावरून डोकं फिरतं ते सांगतो. ती भिंत कधी करडी झालीच नाही. सकाळी विटांची लाल होती, संध्याकाळी पांढरीशुभ्र. सिमेंटचं प्लास्टर झालं असतं तर करडा रंग दिसला असता, किमान सात दिवस पाणी मारावं लागलं असतं. कुणी बादली मागितली नाही, पाइप मागितला नाही. वर ‘लवकर उरकलं की नाही, साहेब?’ हे ऐकून घेतलं. प्लास्टरचे ६,००० तिथेच गेले होते. लोक म्हणतात, लक्ष द्यायला हवं होतं. अहो, नोकरी सोडून गवंड्यामागे उभं राहायचं, तर ठेकेदाराला पैसे कशाचे द्यायचे? घरी आई, वय पंच्याहत्तर. तिनं काय प्लास्टरची जाडी मोजायची?

सिमेंटच्या चार गोण्यांचे पैसेही वीटकामात धरले होते. २१ चौरस फुटांच्या चार इंची भिंतीला साधारण १०५ विटा लागतात. वीटकाम आणि दोन्हीकडचं प्लास्टर धरून सिमेंट एक गोणी, फार तर दीड. रिकाम्या गोण्या मोजून घ्या.

काम कसं व्हायला हवं होतं, तेही लिहितो, कारण ‘जुन्या-नव्याच्या सांध्याला चीर येतेच’ हे ऐकवलं जातंच. चौकट होल्डफास्टसकट, म्हणजे तिला भिंतीत धरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांसकट, उपटायची. जुन्या भिंतीत दर दीड-दोन फुटांवर भोक पाडून ८ एमएम सळईचे तुकडे ठोकायचे आणि ते नव्या थरांत घ्यायचे. विटा भिजवलेल्या. लिंटेलखालचा (दारावरच्या आडव्या तुळईखालचा) शेवटचा थर त्याच दिवशी नाही. खालचं काम रात्रभर बसू द्यायचं, मग फट सिमेंट-वाळूच्या कडक मसाल्यानं ठासायची. नव्या विटांचं तोंड जुन्या प्लास्टरपेक्षा अर्धा इंच आत हवं, नाहीतर प्लास्टरला जागाच उरत नाही. सांध्यापासून सहा इंच जुनं प्लास्टर छिन्नीनं तोडायचं, म्हणजे जाळी प्लास्टरच्या पोटात बसते, वर फुगवटा येत नाही. जाळीची एक फूट रुंद पट्टी, दोन्ही अंगांना मिळून ३४ फूट. एकास चारचं (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) प्लास्टर, सात दिवस पाणी, पूर्ण वाळल्यावर लांबी; दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर नको. जाड लांबीनं खड्डे भरणारा माणूस प्लास्टर वाचवतोय असं समजा. लांबी आणि रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, नुसत्या दारापुरता मारला तर ठिगळ दिसतं. सपाटी बघायची तर सहा फुटी अॅल्युमिनियम पट्टी लावा, आणि रात्री टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाका.

तक्रारीचं काय? ठेकेदाराचा फोन आधी वाजायचा, आता बंद. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, ‘तुमच्या घरातला विषय.’ पण कामाच्या परवानगीचा अर्ज घेताना घरातला नव्हता! पोलीस ठाण्यात ड्रिलचा भुसा पुडीत घेऊन गेलो, तर हवालदार हसले. ‘दिवाणी आहे, कोर्टात जा.’ फसवणुकीचं ४२० कलम जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३१८ आलं. उत्तर मात्र तेच. मग एका मदत कक्षातून सांगितलं, महारेराकडे जा. महारेरा बिल्डरसाठी आहे, भिंतीच्या ठेकेदारासाठी नाही, हे खुर्चीत बसलेल्याला मी समजावायचं! शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. पण नोटीस पाठवायची कुठे? बिलावर पत्ता नाही, जीएसटी क्रमांक नाही, आणि पैसे गेलेत त्याच्या मेहुण्याच्या यूपीआयवर.

म्हणून: पैसे त्याच्याच नावाच्या खात्यावर. आधारवरचा पत्ता बिलावर उतरवून घ्या. जाळी लावल्यावर आणि प्लास्टर चढण्याआधी फोटो, नसेल तर पुढचा हप्ता नाही. रंगाचा हप्ता एक पावसाळा होईपर्यंत थोडा तरी अडवून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५, पण हातात कागद असेल तरच फोन करण्यात अर्थ.

आता तोडून पुन्हा करायचं कोटेशन आलंय ३१,०००. त्यातही चौकट काढणे २,५०० आहेच. या वेळी लिहून घेतलंय: तिन्ही लाकडं जिन्याखाली आणून टाकायची, मग ते २,५०० मिळतील.