डिझेलची ताकद वाढवायची: ट्यूनिंग बॉक्स की रिमॅप?

उदाहरणार्थ, जुन्या स्विफ्टमधलं १.३ लिटरचं फियाट डिझेल इंजिन: ताकद ७५ पीएस, टॉर्क म्हणजे ओढ १९० एनएम. बॉक्स लावायला पंधरा मिनिटं पुरतात. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या, प्रेशर सेन्सरचं सॉकेट काढून मध्ये बॉक्स जोडायचा. तो ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, खरं प्रेशर कमी असल्याचं भासवतो, मग ईसीयू प्रेशर वाढवतो आणि डिझेल जास्त जातं. म्हणजे चक्क फसवणूक! टर्बोचं बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, मात्र अशा बॉक्सला वाढवता येत नाही. हवा तेवढीच, इंधन जास्त, म्हणून काळा धूर. स्वस्त बॉक्सात तर नुसता रेझिस्टर असतो. त्याने हायप्रेशर पंप आणि इंजेक्टरवर कायमचा ताण येतो.

रिमॅपमध्ये ईसीयूच्या आतलेच तक्ते बदलतात: बूस्ट, इंजेक्शनची वेळ, टॉर्कची मर्यादा, धुराची मर्यादा. म्हणून ओढ सलग मिळते. ईसीयूतल्या मूळ फाइलची प्रत आधी मागून घ्या. सर्व्हिसला ईसीयू अपडेट झाला तर रिमॅप पुसला जातो.

दोन्हींत आधी बळी जातो क्लच. चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर पूर्ण रेस द्या; आरपीएम चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. आधी तो बदला. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजची गळतीही तपासा, नाहीतर रिमॅपचे पैसे फुकट.

वॉरंटी शिल्लक असेल तर दोन्ही नको. बॉक्स काढता येतो, पण बिघडलेला इंजेक्टर लपत नाही. वॉरंटी संपलेल्या, धडधाकट गाडीला रिमॅपच.