शून्य ते वीसचा वेग: पहिली मोटारसायकल आणि सेफ्टी गिअर, आठ महिन्यांनंतर

गाडी घेऊन आठ महिने झाले, मीटरवर 6,400 किलोमीटर दिसतात. घेण्याआधी मी जे काही वाचलं, पाहिलं, त्यात 0 ते 100 किती सेकंदांत आणि टॉप स्पीड किती, हीच चर्चा जास्त होती. प्रत्यक्षात माझे सगळे त्रास आणि सगळं शिकणं ताशी 20 च्या आत झालं. गाडी दोनदा आडवी झाली, तीही त्याच वेगात. त्यामुळे हा अनुभव त्या वेगाबद्दलच आहे.

गाडी साधारण 300 सीसीची, एक सिलिंडर, नेकेड, म्हणजे पुढून-बाजूने प्लॅस्टिकचं आवरण नसलेली. पेट्रोलसकट वजन 150 किलोच्या आत, सीटची उंची 785 मिलिमीटर, दोन्ही चाकांना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा). कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मी या वर्गातल्या चार गाड्यांवर बसले आणि निर्णय नावावर झाला नाही. माझी उंची 160 सेंटिमीटर. सीटच्या उंचीचा आकडा बघून मी आधी दोन गाड्या यादीतून काढल्या होत्या, ती चूक होती. सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे यावरही पाय किती पोचतो ते ठरतं. 800 मिलिमीटरच्या एका अरुंद सीटवर माझे चवडे नीट टेकले, आणि 780 च्या एका रुंद सीटवर टेकेनात. आता घेतलेल्या गाडीवर एका पायाचा पूर्ण तळवा टेकतो, दोन्ही पाय एकदम टेकवले तर फक्त चवडे. तेवढं पुरतं, कारण थांबताना डावा पाय खाली आणि उजवा मागच्या ब्रेकवर, अशीच सवय लावायची असते.

गाडी बघायला जाल तेव्हा टेस्ट राइड घ्याच, पण त्याआधी इंजिन बंद ठेवून, सीटवर न बसता गाडी दहा पावलं मागे ढकलून बघा. मग हँडल पूर्ण वळवून परत जागेवर आणा. माझा दोन सिलिंडरच्या एका गाडीवर खूप जीव होता. आवाज सुंदर, इंजिन लोण्यासारखं. पण वजन 185 किलोच्या आसपास, आणि किंचित चढ असलेल्या फरशीवर ती मला मागे घेता येईना. दादा म्हणाला, "पार्किंगमधून रोज तुलाच काढायचीय, मी नसेन." तिथेच ठरलं. आठ महिन्यांत एकदाही त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

एक सिलिंडर असल्याने अगदी कमी वेगात गाडी थोडी हिसके देते. तिसऱ्या गिअरमध्ये 20 ने जायला गेलं की इंजिन ठकठक करतं, दुसरा टाकावाच लागतो. पहिले तीन आठवडे मी सिग्नलला गाडी बंद पाडत होते. क्लचचा लिव्हर माझ्या बोटांना लांब पडत होता हे त्याचं निम्मं कारण. लिव्हरचं अंतर कमी करण्याची चकती क्लचलाही असते हे मला दुसऱ्या महिन्यात कळलं. ती फिरवल्यापासून हाफ क्लच कुठे पकडतो ते बोटांना समजायला लागलं. गाडी ताब्यात घेतानाच दोन्ही लिव्हर, गिअरचं पेडल आणि मागच्या ब्रेकचं पेडल स्वतःच्या मापाला लावून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

हेल्मेट

यावर सगळ्यात जास्त लिहिते, कारण यातच मी सगळ्यात जास्त चुकले.

भुवयांच्या वर टेप गुंडाळून माप घेतलं, 56 सेंटिमीटर आलं, तक्त्यात बघून ऑनलाइन मागवलं. पहिल्या दिवशी छान वाटलं. पंचवीस मिनिटांनी कपाळाच्या मधोमध कोणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायला लागलं, आणि घरी येऊन काढलं तर तिथे गोल लाल वळ. मला वाटलं, वापरून सैल होईल. झालं नाही. गालांकडचे पॅड वापराने दबतात, कपाळापाशी पातळ कापडामागे थेट कडक थर्माकोल असतो, तो दबत नाही आणि दबायलाही नको, कारण आपटल्यावर चिरडून धक्का घेणं हे त्याचंच काम आहे. डोक्याचं माप बरोबर असूनही आकार वेगळा असू शकतो. माझं डोकं पुढून मागे लांबट आहे आणि ते हेल्मेट जास्त गोल होतं. उलट असतं तर कानशिलं दुखली असती.

दुसरं हेल्मेट मी दुकानात 40 मिनिटं डोक्यावर ठेवून घेतलं. दुकानदाराला आधीच सांगितलं, तो काही बोलला नाही. नवीन असताना गाल आत दाबले गेले पाहिजेत, बोलताना गालाचा आतला भाग दातांत आला तरी चालेल. हनुवटीपाशी धरून डावी-उजवीकडे फिरवल्यावर हेल्मेटबरोबर कातडी हलली पाहिजे, नुसतं हेल्मेट नाही. पट्टा लावून मागच्या कडेला धरून पुढे ओढायचं, निघून आलं तर ते तुमचं नाही. प्रमाणपत्र बघताना ईसीई 22.06 (हेल्मेटच्या चाचणीचं युरोपातलं मानक) शोधलं. त्यात आधीच्या 22.05 पेक्षा जास्त जागांवर आघात करून बघतात आणि तिरक्या आघाताने डोकं किती जोरात फिरतं तेही मोजतात. वापरलेलं हेल्मेट मात्र कोणाकडून घेऊ नका, आतला थर एकदा चिरडलेला असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. वाऱ्याचा आवाज. ताशी 100 च्या आसपास हेल्मेटच्या आत तो 95-100 डेसिबलच्या घरात जातो, आणि हेल्मेट महाग असलं तरी फार फरक पडत नाही. तासभर चालवून उतरल्यावर कान सुन्न व्हायचे, डोकं जड. फोमचे साधे इअर प्लग घालायला लागल्यापासून तो थकवा गेला. हॉर्न आणि इंजिन त्यातूनही स्पष्ट ऐकू येतं.

हातमोजे आणि बूट

माणूस पडला की हात आधी खाली जातो. ते ठरवून होत नाही. पाचव्या महिन्यात एका वळणावर वाळू होती, वेग पंधरा-वीस, पुढचं चाक सरकलं आणि मी डाव्या हातावर पडले. उठल्यावर पाहिलं तर तळव्याच्या मुळाशी जो प्लॅस्टिकचा कडक तुकडा शिवलेला असतो, त्यावर खोल समांतर चरे पडले होते. त्या जागेच्या आत, मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. हात टेकून पडलं की ते मोडू शकतं, आणि त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने जुळायला फार वेळ लागतो. तो तुकडा घसरतो, त्यामुळे तळवा रस्त्याला चिकटून न राहता पुढे सरकतो. माझं मनगट दोन दिवस दुखलं, बाकी काही नाही. ते हातमोजे अजून वापरते, टाके तपासूनच. तुम्ही घेताना मनगटावरचा पट्टा आवळून हातमोजा ओढून बघा, हातातून सुटता कामा नये.

बुटांमध्ये मी सुरुवातीला काटकसर केली. घरातले जाड चामड्याचे बूट आहेत की, असं म्हणून दीड महिना काढला. एकदा थांबताना लेसचा फास गिअरच्या पेडलमध्ये अडकला आणि डावा पाय खाली येईना. नशीब, तेवढ्यात उजवा टेकला. दुसऱ्याच दिवशी घोट्याला दोन्हीकडून कडक वाटी असलेले, लेसवर झाकण असलेले बूट घेतले. ते कसे कामाला आले ते खाली येतंच.

जॅकेट, पँट

जाळीचं जॅकेट, लेबलवर ए वर्ग (रस्त्यावर घासलं तर किती टिकेल याची ही पायरी). त्याच्या वरचं एए घ्यायला हवं होतं. खांद्याचे आणि कोपरांचे पॅड बरे आहेत, पाठीला मात्र नुसता फोम होता. तो काढून लेव्हल 2 चं संरक्षक घातलं. चाचणीत लेव्हल 1 मधून पाठीपर्यंत सरासरी 18 किलोन्यूटनपर्यंत (हे धक्क्याच्या जोराचं एकक) धक्का पोचलेला चालतो, लेव्हल 2 मधून 9. एका कापडी खिशातल्या वस्तूने निम्मा फरक पडत असेल तर ती बदलायलाच हवी. जॅकेट आरशासमोर उभं राहून घेऊ नका, गाडीवर बसून हात हँडलला लावून बघा. कोपराचा पॅड कोपरावरच राहिला पाहिजे. पँटचंही तसंच, उभं असताना गुडघ्याचे पॅड खाली लोंबतात आणि बसल्यावर जागेवर येतात.

पहिल्यांदा पडले ते

दुसरा महिना. अरुंद रस्त्यावर उजवीकडे यू टर्न. हँडल पूर्ण वळलेलं, वेग चालण्याइतका. समोरचा कठडा जवळ आलासा वाटला आणि मी पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लावला की गाडी आत कोसळते, हे मी वाचलं होतं. हाताला माहीत नव्हतं. उजवा पाय टाकला, खाली खडी, पाय सरकला आणि गाडी माझ्या घोट्यावर आली. बुटाच्या वाटीवर ओरखडा, घोटा शाबूत. ब्रेकच्या लिव्हरचं टोक मोडलं, आरसा फिरला.

उचलताना आधी इंजिन बंद केलं. गाडी उजवीकडे पडलेली, म्हणून आधी साइड स्टँड बाहेर काढला, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडते. गिअरमध्ये टाकली. मग पाठ सीटला लावून, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि जोर मांड्यांचा. कमरेने उचलायची नाही. 150 किलोची गाडी मी एकटीने उभी केली.

नंतर दादाने मोकळ्या मैदानावर नेलं आणि पुढच्या ब्रेकवरची बोटंच काढायला लावली. हाफ क्लच, थोडा थ्रॉटल, मागच्या ब्रेकवर हलका पाय. "चाकाकडे बघू नकोस, जिथून बाहेर पडायचंय तिथे बघ." मान वळवली की गाडी वळते. हे खरंच इतकं सरळ आहे, पण सराव हवा.

अमेरिकेतले अपघात-संशोधक हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली होती, तिचा अहवाल 1981 साली आला. त्यात निम्म्या धडका ताशी साधारण 35 किलोमीटरच्या आतल्या निघाल्या, आणि निम्म्याहून जास्त चालकांना ती गाडी हातात येऊन पाच महिनेही झाले नव्हते. पाहणी जुनी आहे, गाड्या बदलल्या आहेत. तरी "जवळच तर जायचंय" म्हणून हातमोजे घरी ठेवावेसे वाटतात तेव्हा मला हे दोन आकडे आठवतात.

तक्रारी

सीट दीड तासानंतर कडक लागते. 80 च्या पुढे आरशात मागची गाडी थरथरते, ओळखू येते एवढंच. पावसात मागच्या चाकाचा चिखल थेट पाठीवर. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर गाडी जड चालायला लागली, मागून घुंग असा आवाज. चेन गरजेपेक्षा जास्त आवळून दिली होती. माणूस बसला की चेन आणखी ताणली जाते, आणि घट्ट चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगला खाते. मॅन्युअलमध्ये किती सैल ठेवायची ते मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. आता पट्टी लावून मी स्वतः बघते, दर 500 किलोमीटरला ल्यूब करते, आणि टायरची हवा सकाळी गाडी थंड असताना तपासते.

दर रविवारी चार पाण्याच्या बाटल्या ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवते, वीस मिनिटं. गेल्या रविवारी दोन पार्किंगच्या जागांच्या रुंदीत, पाय न टेकता, उजवीकडचा यू टर्न पहिल्यांदा पूर्ण झाला. उजव्या हाताची चारही बोटं थ्रॉटलवर होती.