इंटरडेंटल ब्रश, पाच महिने वापरून (वॉटर फ्लॉसर घ्यायला निघालेल्यांनी आधी वाचा)

हा रिव्ह्यू बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू वाटावं अशा, दातांच्या फटीत घालायच्या त्या चिमुकल्या वस्तूचा आहे, वॉटर फ्लॉसरचा (पाण्याच्या बारीक धारेने फटी धुणारं मशीन) नाही, पण सुरुवात फ्लॉसरपासूनच करावी लागणार कारण चार लोकांसारखं मी पण आधी मशीनच घेतलं.

झालं असं की ब्रश करून थुंकलं की लाल दिसायचं, वर्षभर तरी चालू होतं. दुखत काहीच नव्हतं म्हणून डोक्याला ताप करून घेतला नाही. वर शहाणपणा काय, तर जिथून रक्त येतंय ती जागा सोडून बाकीचे दात घासायचे, जखमेला कशाला हात लावा म्हणून! आता कळतंय की त्या जागी घाण साचली होती म्हणूनच रक्त येत होतं आणि मी ती आणखी साचू देत होतो.

शेवटी डेंटिस्टकडे गेलो. मॅडमनी बारीक खुणा असलेली सळई हिरडी आणि दाताच्या मधे घालत आकडे सांगायला सुरुवात केली, दोन, तीन, दोन, पाच, असिस्टंट लिहून घेत होती आणि मी मनात म्हणतोय चला एका दाढेला तरी पाच मिळाले. तर ते मिलिमीटर होते. ३ पर्यंत ठीक, ४ पासून पुढे पॉकेट, म्हणजे हिरडी दातापासून सुटून खिसा झालाय, आणि त्याच्या तळाशी साधा ब्रश पोचत नाही.

त्यांनी जे समजावलं ते थोडक्यात असं. दात घासल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा चिकट थर बसायला लागतो, तो प्लाक. तो मऊ असतो तोवर आपल्या हातात आहे, पण तसाच राहिला की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात जाऊन त्याचं दगडासारखं टार्टर होतं (आपण किटण म्हणतो ते), मग कितीही घासा निघत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला हे जास्त जमतं कारण लाळेच्या नळ्या तिथंच उघडतात, जीभ लावून बघा खरखरीत लागतं का. नुसती हिरडी सुजून रक्त येतंय तोवर सगळं परत जाग्यावर येतं, पण सूज खाली उतरून दात धरणारं हाड झिजायला लागलं की ते आपोआप भरून येत नाही. यालाच लोक पायरिया म्हणतात.

१९६५ मध्ये हॅराल्ड लो नावाच्या संशोधकाने डेन्मार्कमध्ये १२ निरोगी हिरड्यांच्या लोकांना दात घासणंच बंद करायला लावलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि परत घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात ठीक झाल्या! हे वाचल्यावर मला धीर पण आला आणि वर्षभर काय करत होतो याची लाज पण वाटली.

स्केलिंग, म्हणजे डेंटिस्टकडून किटण काढणं, करून घेतलं. स्केलिंगने दात हलायला लागतात हे मी पण ऐकून होतो, पण हाड आधीच गेलेलं असतं आणि किटणाने दात धरून ठेवल्यासारखे वाटतात, ते काढलं की खरी परिस्थिती दिसते एवढंच.

आता वस्तूंकडे. वॉटर फ्लॉसर वाईट नाही, अडकलेले कण मस्त उडतात, ब्रेसेस असलेल्यांना तर वरदान आहे. पण दाताला घट्ट चिकटलेला थर नुसत्या पाण्याने पूर्ण सुटत नाही, चिकट भांडं नळाखाली धरल्यासारखं आहे ते, घासावंच लागतं. शिवाय आरसा भिजतो, शर्ट भिजतो, आवाजाने घरचे उठतात. माझं आता कपाटात आहे.

इंटरडेंटल ब्रशला मी आधी हसलो होतो, दात कोरून पोट भरत नाही म्हणतात ना, तर हे कोरणं काय कामाचं. पण कामाचं निघालं. सगळा खेळ साइजचा आहे. फार बारीक घेतला तर फटीतून नुसता फिरून येतो, जाड घेतला तर तार घासते. हलकासा अडत आत गेला तर बरोबर, जोर लावायचा नाही. मला दोन साइज लागतात, पुढे बारीक मागे जाड, आणि हे पहिल्यांदा डेंटिस्टकडूनच मोजून घ्या, मी अंदाजाने आणलेलं पहिलं पाकीट वाया गेलं. रंगावर जाऊ नका, एका कंपनीचा निळा दुसरीकडे भलत्याच साइजचा असतो, पाकिटावर आयएसओ नंबर (सगळ्या कंपन्यांसाठी एकच असलेला साइजचा आकडा) असेल तर तो बघा. पेस्ट लावायची नाही, रात्री एकदा प्रत्येक फटीत चारपाच वेळा आतबाहेर, बास.

पहिले काही दिवस रक्त जास्तच आलं, घाबरून सोडणार होतो, दहाव्या दिवशी जवळपास थांबलं. मात्र सूज उतरल्यावर हिरडी आक्रसते आणि दातांच्या मधे काळे त्रिकोण दिसायला लागतात, हे कोणी आधी सांगत नाही. माझे दोन झालेत, हसताना मलाच दिसतात.

ज्यांचे दात एकमेकांना अगदी चिकटून आहेत, फटच नाही, त्यांनी फ्लॉसचा दोराच वापरावा. कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात हे ब्रश दोऱ्यापेक्षा सरस असू शकतात असं आहे, पण पुरावा कच्चा आहे हेही त्यांनीच म्हटलंय, त्यामुळे जाहिरातीतल्या टक्केवारीवर जाऊ नका. सिगरेट ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये, धूम्रपानाने रक्त येणं दबतं आणि आत पोखरणं चालूच राहतं. शुगर असेल तर जास्तच लक्ष द्या, शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आवरत नाही.

तक्रारी दोन. तार मानेपाशी वाकते आणि आठदहा दिवसांत तुटायला येते, आणि टोपण इतकं सैल की बॅगेत कायम ब्रश एकीकडे टोपण एकीकडे. त्याचा अर्धा स्टार कापला, ५ पैकी ४.५. परवा परत सळई घातली तेव्हा त्या पाचवाल्या दाढेला तीन आले, आणि कमी मार्क मिळाले म्हणून मी पहिल्यांदाच खूश झालो.