थांबायचं, वागणुकीवर काम करायचं की गोळी सुरू करायची? एडीएचडीबद्दल बडोद्यातल्या आईबाबांसाठी

पालकसभेत बाईंनी "एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या" म्हटलं की घरात दोन तट पडतात. आजोबा म्हणतात, मूल आहे, वांडपणा करणारच, याचा बापही असाच होता. आई रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर वाचत बसते आणि सकाळी उठते ती मनाशी निदान पक्कं करूनच. मी बडोद्यातल्या शाळांमध्ये अशा मुलांबरोबर काम करते, त्यामुळे दोन्ही बाजू माझ्यापर्यंत येतात. आजोबांचं बोलणं उडवून लावू नका. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि चुळबुळ न आवरण्याचा विकार, घराण्यात चालत येतो, जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर निघतो. "बापही असाच होता" हे डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला.

आपल्या लहानपणी असं मूल "द्वाड" ठरायचं आणि मार खायचं. डॉक्टरांची नजरही फार वेगळी नव्हती. १९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली, तेव्हा त्यांनी हा नैतिक संयमाचा दोष मानला होता. १९६८ मध्येही सगळा भर चुळबुळीवरच होता. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत लक्ष न टिकणं मुख्य ठरलं, आणि २०१३ मध्ये लक्षणं दिसायला लागण्याची वयोमर्यादा सातवरून बारावर नेली गेली. या बदलामुळे बाकावर शांत बसणारी, पण मनाने वर्गाबाहेर असलेली मुलं पहिल्यांदा दिसू लागली. आता मात्र उलट घाईही दिसते. दहा मिनिटांच्या भेटीत निदान आणि तिथेच थेरपीचं पॅकेज.

थांबून बघावं की तपासून घ्यावं?

थांबणं कधी बरोबर असतं ते आधी सांगते. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल. घरात नुकतंच काही घडलं असेल, म्हणजे भावंडाचा जन्म, बदली, कुणाचं जाणं. किंवा तक्रार फक्त एकाच ठिकाणाहून येत असेल, तर थांबा.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही: मुलाचा जन्म कोणत्या महिन्यातला? गुजरातेत पहिलीच्या प्रवेशासाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे मे महिन्यात जन्मलेलं मूल आदल्या वर्षीच्या जूनमध्ये जन्मलेल्या मुलाशेजारी बसतं आणि त्याच्याहून जवळजवळ वर्षाने लहान असतं. सहाव्या वर्षी एक वर्ष हा फार मोठा फरक आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, जिथे १ सप्टेंबर ही प्रवेशाची तारीख होती तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांना सप्टेंबरमधल्या मुलांपेक्षा ३४ टक्के जास्त प्रमाणात एडीएचडीचं निदान मिळालं होतं. निदान करणाऱ्यांनी मुलाचं वय वर्गातल्या बाकीच्यांशी ताडून पाहिलं नाही, तर असंच होणार.

दुसरी गोष्ट खास आपल्या शहरातली. घरी मराठी, गल्लीत गुजराती, वर्गात इंग्रजी. दुसरीतला एक मुलगा माझ्याकडे "ध्यान नथी आपतो" या शेऱ्यासह आला. मी वर्गात मागे बसून पाहिलं. बाईंनी इंग्रजीत पान नंबर सांगितला आणि त्यातली फक्त विषम क्रमांकांची गणितं करायला सांगितली. हा आधी शेजारच्याच्या वहीत डोकावला, मग पान शोधलं, मग पुढच्या मुलाकडे पाहिलं. तोवर बाकीचे तिसऱ्या गणितावर होते. मधल्या सुट्टीत मी त्याला मराठीत एकदाच सांगितलं, "खिडकी लाव, खडूचा डबा कपाटात ठेव आणि येताना माझी डायरी आण." तिन्ही कामं क्रमाने करून आला. त्याला शिकवणी इंग्रजीची हवी होती. तपासणीला जाल तेव्हा मूल कोणत्या भाषेत ऐकतं आणि कोणत्या भाषेत विचार करतं हे आपण होऊन सांगा. प्रश्नावली इंग्रजीत असेल तर तोंडी भाषांतराचा आग्रह धरा.

आता थांबणं कुठे महागात पडतं ते पाहा. पाचवीतली एक मुलगी, कुणालाही त्रास नाही. वहीतल्या पहिल्या चार ओळी मोत्यासारख्या, पाचवीत दोन शब्द गाळलेले, आठवी अर्धवट. गणितात वजाबाकीचं चिन्ह स्वतः नीट काढलेलं आणि खाली बेरीज केलेली. सकाळी मोजे घालायला बसली की आईला पाव तासाने ती एक मोजा हातात धरून तशीच बसलेली सापडते. तिच्याबद्दल शाळेची तक्रार कधीच आली नाही, कारण ती गप्प असते. मुलींमध्ये हे फार होतं आणि त्या वर्षानुवर्षं स्वतःला "ढ" समजत राहतात. अशा मुलीसाठी "मोठी झाली की होईल" हे मला मान्य नाही.

माझं मत: थांबायचं तर मुदत ठरवून, शाळेचं एक सत्र. त्या सत्रात दोन्हीकडच्या नोंदी ठेवा. लक्षणं घरी आणि शाळेत दोन्हीकडे आहेत, सहा महिने टिकून आहेत आणि त्यामुळे मुलाचं काही अडतंय, असं दिसलं की आणखी थांबू नका. तपासणी केली म्हणजे गोळी सुरू झाली असं नसतं. ही भीती अनेक घरांना दारातच अडवते.

कुणाकडे जायचं?

सयाजी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आणि कारेलीबागेतलं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय हे सरकारी रस्ते. खर्च नाममात्र, पण रांग आणि वेळ धरून चला. कारेलीबागेचं नाव काढलं की अजूनही नातेवाईक भुवया उंचावतात. त्यांच्यासाठी मुलाचं वर्ष घालवू नका. खासगीत वेळ जास्त मिळतो, पण गुणवत्ता कमी-अधिक.

बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ औषध लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या करतात, वागणुकीचं प्रशिक्षण देतात, औषध लिहीत नाहीत. त्यांची रिहॅबिलिटेशन काउन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारा. चांगली तपासणी ओळखायची खूण अशी की आधी बोलणं लांबतं: गरोदरपणापासूनचा इतिहास, शिक्षकांकडून भरून आणलेला फॉर्म, डोळे आणि कान, झोप, रात्री घोरणं. रक्ततपासणी, एमआरआय किंवा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढून एडीएचडी ठरत नाही. फिटची शंका असेल तेव्हा ईईजी लागतो, पण त्याचं कारण वेगळं. "ब्रेन मॅपिंग"चा रंगीत कागद हातात देऊन निदान सांगणारं सेंटर असेल तर तिथून उठा.

वागणुकीचं प्रशिक्षण की औषध?

खरा पेच इथे आहे. यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, एमटीए नावाचा. सात ते नऊ वर्षांची ५७९ मुलं, चार गट, चौदा महिने. काटेकोर देखरेखीखालचं औषध, सखोल वर्तनोपचार, दोन्ही एकत्र, आणि चौथा गट नेहमीच्या डॉक्टरांकडे सोडलेला. लक्ष आणि चुळबुळ या मूळ लक्षणांवर औषध वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं. दोन्ही एकत्र घेतलेल्या गटात भांडणं, चिंता, आईबाबांशी नातं अशा बाबतीत थोडा जास्त फायदा दिसला, तोही औषधाच्या कमी मात्रेत. मात्र तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटांमधला फरक विरला होता. म्हणून "चौदा महिने गोळी घेतली की कायमचं बरं" असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. घेतली त्या दिवशी ती काम करते.

मार्गदर्शक सूत्रांमध्येही दोन वाटा आहेत. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१९ मध्ये सांगते की सहा वर्षांखाली आधी पालकांचं प्रशिक्षण, आणि सहाच्या पुढे औषध व प्रशिक्षण बरोबरीने. ब्रिटनच्या २०१८ च्या सूत्रांनुसार पाच वर्षांवरच्या मुलांसाठीही आधी घर आणि वर्गातल्या व्यवस्थेत बदल. त्यानंतरही मुलाचं ठळकपणे अडत असेल तर औषध.

प्रशिक्षण म्हणजे मुलाला समोर बसवून उपदेश नव्हे, शिकायचं असतं ते आपल्याला. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन, डोळ्यात पाहून. चांगलं काही केलं की त्याच क्षणी कौतुक, संध्याकाळी बाबा आल्यावर नाही. रोजचं छोटं प्रगतिपत्रक शाळेतून घरी. याचा दुष्परिणाम काही नाही, पण किंमत आहे: महिनोन्महिने सातत्य, आणि एकत्र कुटुंबात सगळ्यांचं एकमत. आईने टीव्ही बंद केला आणि आजीने लावून दिला, की सगळं पाण्यात. आजीलाही प्रशिक्षणाला घेऊन जा, त्यांना आदराने समजावलं की त्या आईपेक्षा जास्त नेमाने पाळतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

आपल्याकडे मुख्यतः मेथिलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन दिली जातात. मेथिलफेनिडेटचा परिणाम त्याच दिवशी दिसतो. साधी गोळी सुमारे चार तास चालते, लांब पल्ल्याची आठ ते बारा. अ‍ॅटोमॉक्सेटिनचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मेथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक निर्बंध असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार ठेवून घेतो, आणि ते प्रत्येक मेडिकलवाल्याकडे मिळत नाही. या कडकपणामुळे पालक घाबरतात. गैरवापर होऊ शकतो म्हणून हे निर्बंध आहेत. डॉक्टरांच्या मात्रेत घेणारी मुलं पुढे व्यसनी होतात असं अभ्यासांतून दिसलेलं नाही.

भूक मरणं आणि झोप उशिरा लागणं हे नेहमीचे त्रास. शाळेचा डबा तसाच परत येतो. उपाय घरगुतीच आहे: गोळीच्या आधी पोटभर पोहे, थेपले, अंडं, आणि परिणाम उतरल्यावर रात्री नीट जेवण. उंची थोडी मंदावू शकते, म्हणून वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब ठरावीक काळाने मोजलाच पाहिजे. घरात कुणाचा तरुणपणी अचानक हृदयविकाराने मृत्यू झाला असेल तर गोळी सुरू करण्याआधीच सांगा. आणि "गोळी घेऊन मुलगा सुन्न झाला" असं दिसलं तर ते मुकाट्याने सोसू नका. हे गुंगीचं औषध नाही. मूल मलूल होत असेल तर मात्रा किंवा औषध बदलायला हवं, डॉक्टरांना लगेच फोन करा.

साखर बंद केल्याने चुळबुळ थांबते याला प्रयोगांत आधार मिळालेला नाही. ब्राह्मी, शंखपुष्पी देणारे देतात. वर सांगितलेल्या गोळ्यांच्या तोडीचा पुरावा त्यांच्यामागे नाही. गोळीबरोबर देत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

मला विचाराल तर, सहाच्या आत प्रशिक्षणच. सहाच्या पुढे, मूल रोज वर्गात अपमान झेलत असेल, मित्र टाळत असतील, घरात हात उगारला जात असेल, तर औषध अगदी शेवटचा उपाय म्हणून मागे ठेवू नका. दोन्ही बरोबर सुरू करा आणि दरवर्षी डॉक्टरांबरोबर बसून विचार करा की अजून गरज आहे का.

शाळेला सांगावं की लपवावं?

सांगावं, पण लेखी आणि नेमकं. नुसता "एडीएचडी आहे" असा कागद दिला तर वर्गात शिक्का बसतो आणि हाती काही येत नाही. "पहिल्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवा; गृहपाठ फळ्यावरून उतरवला का ते पाहा; वीस मिनिटांनी वह्या वाटण्यासारखं एखादं काम देऊन उठू द्या" असं मागा. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, ते सगळ्या मुलांनी शाळेत यावं म्हणून. त्याच शहरात मूल स्थिर बसत नाही म्हणून त्याला दाखला घ्यायला सुचवलं जातं, याचा मला राग येतो आणि मी तो शाळांना बोलून दाखवते. मारलं जात असेल तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, हे मुख्याध्यापकांना शांतपणे आठवण करून द्या.

बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींबाबत बरेच पालक गाफील राहतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, वाचन-लेखन-गणितातली विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, पण एडीएचडी वेगळा दिलेला नाही, म्हणून सवलतीसाठी नुसत्या एडीएचडीच्या निदानावर विसंबू नका. एडीएचडीबरोबर वाचण्या-लिहिण्याची अडचण बऱ्याच मुलांना असते आणि ती स्वतंत्रपणे तपासावी लागते. तेव्हा चौथी-पाचवीतच ती चाचणी मागून घ्या, कोणत्या भाषेत घेणार ते आधी विचारा, आणि प्रमाणपत्राचं काम नववीची नोंदणी सुरू होण्याआधी सरकारी रुग्णालयातून पूर्ण करा.