उसातलं भूत आलं आणि गेलं, दिसलंच नाही

शनिवारी सांगलीत लास्ट शोला हा भुताचा पिक्चर बघितला, पोस्टरवर कंदील घेतलेली बाई आणि मागं उसाचा फड आहे तोच. स्टोरी चांगली आहे, हिरॉईननं जीव ओतून काम केलंय, साउंड तर असला भारी की नुसती पाचट वाजली तरी अंगावर काटा येतो. एवढं सगळं हाताशी असताना पिक्चरची वाट लागली ती कॅमेरा आणि लाइटिंगमुळं, याचंच लई वाईट वाटतंय.

सुरुवातीला वाटलं थिएटरचा प्रोजेक्टरच मंद झालाय, पण आधीचे ट्रेलर लख्ख दिसलेले, म्हणजे दोष पिक्चरचाच. बायको दोनदा कानात म्हणाली, "अहो, आलं का ते?" आणि ते येऊन गेलेलं.

उसातली रात्र आमच्याकडं पोरासोरांना पण माहितीय. शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की पाणी पाजायला जावंच लागतं, हातातल्या बॅटरीचा उजेड पहिल्या दोन सरीपर्यंत पोचतो आणि पुढं सगळं काळं. त्या दोन सरी स्पष्ट दिसतात म्हणून तर तिसरीत काय वाजलं याची भीती वाटते. इथं अख्खी फ्रेम सारखीच राखाडी, जवळचं कळत नाही लांबचं कळत नाही, नुसता ग्रेन, म्हणजे अंधारात शूट केल्यावर दिसणारे बारीक दाणे, वळवळतोय. एक सीन तर सरळ उन्हात शूट करून निळा केलाय, बाई रात्री 12 वाजता उन्हात बघावं तसे डोळे बारीक करून बघतीय!

कंदिलाचा सीन सांगतोच. ती कंदील घेऊन वाड्याच्या जिन्यातनं उतरते आणि मागच्या भिंतीवर त्या पेटलेल्या कंदिलाचीच सावली पडलीय, कारण खरा लाइट वरनं कुठनंतरी मारलाय. शिवाय तिच्या सावल्या दोन. मी त्या दुसऱ्या सावलीकडं टक लावून बसलो, म्हटलं आता ही हलणार, मस्त आयडिया आहे. काही नाही, तो दुसरा लाइट होता.

मी 11 वर्षं लग्नाचं शूटिंग करतोय, नवीन पोराला पहिल्या दिवशी सांगतो शटर 50 वर ठेव, म्हणजे एकेक फोटो सेकंदाच्या 50व्या भागात घे, कारण आपली लाइट 50 हर्ट्झची, हलक्या एलईडीचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो आणि शटर जुळलं नाही की पट्टे सरकतात. या पिक्चरमध्ये देवघरात पट्टे सरकतात, मोठ्या पडद्यावर!

आणि भूत आलं रे आलं की कॅमेरा हलवायचा. अरे बाबा, थांब की जरा, आम्हाला कोपऱ्यात बघू दे, दाराच्या फटीत बघू दे. 2017 च्या 'लपाछपी' या मराठी पिक्चरमध्ये बरीचशी भीती दिवसाढवळ्या उसातली आहे, तरी घाम फुटतो, कारण सगळं डोळ्यासमोर दिसत असतं.

यांना जमत नाही असंही नाही हो. इंटरव्हलच्या आधी म्हातारी चुलीपुढं बसलीय, उजेड फक्त जाळाचा, कॅमेरा एका जागी, मागं अर्धवट उघडं दार. जाळ कमी होतो तसं दार काळं होत जातं, ती फुंकणीनं फुंकते, जाळ भडकतो, आणि दार पूर्ण उघडं. थिएटरमध्ये पॉपकॉर्नचा आवाजसुद्धा बंद झाला. तेवढ्या एका सीनसाठी मी तिकिटाचे पैसे पुन्हा एकदा मोजले असते.