कुंडीत पुरलेलं मडकं आणि शेडनेट: पश्चिमेच्या बाल्कनीतला उन्हाळा

घोडबंदर रोडला वरच्या मजल्यावर राहते. बाल्कनी पश्चिमेला, त्यामुळे दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन थेट कुंड्यांवर. फेब्रुवारीत मोगरा, जास्वंद, सदाफुली आणि गुलाबाच्या कुंड्यांत मातीची छोटी मडकी पुरली आणि ग्रिलला आतून 50 टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी हिरवी जाळी (शेडनेट) बांधली. आता पाऊस सुरू झालाय, त्यामुळे पूर्ण उन्हाळ्याचा अनुभव सांगता येईल.

मडक्याची पद्धत जुनी आहे. चीनमध्ये 2000 वर्षांपूर्वीच्या शेतीविषयक लिखाणात ती सापडते, आणि राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात मटका सिंचनाने रोपं जगवतात. भाजलेल्या मातीतून पाणी झिरपतं. भोवतालची माती सुकली की ती जास्त पाणी ओढून घेते, ओली असली की झिरपणं आपोआप मंदावतं. वरून ओतलेलं पाणी कडक उन्हात कुंडीच्या कडेने सरळ ताटलीत उतरतं, हे मात्र मुळांपाशीच राहतं.

घेताना एक गोष्ट नक्की बघा. मडकं भरून वर्तमानपत्रावर ठेवा, तासाभरात बाहेरून ओलसर झालं पाहिजे. मला ऑनलाइन आलेल्यांपैकी काहींना रंग दिलेला होता, ती कोरडी ठणठणीत राहिली, परत केली. कुंभाराकडची साधी, बिनरंगाची सगळ्यांत चांगली निघाली. कुंडी किमान 12 इंची हवी आणि मडकं माती बदलतानाच पुरावं. भरलेल्या कुंडीत खुपसायला गेलात तर मुळं तुटतात. तोंडावर पणती उपडी ठेवा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास होतात, त्यामुळे यात हयगय नको.

एप्रिल-मे महिन्यांत मोगऱ्याचं मडकं दोन-तीन दिवसांत रिकामं व्हायचं, सदाफुलीचं त्याहून सावकाश. म्हणजे आठवडाभर गावी जायचं तर एवढ्यावर भागत नाही. मे महिन्यात शेजारच्या वहिनी मधूनमधून येऊन मडकी भरत होत्या. त्यांना फक्त पणती उचलून पाणी ओतायचं होतं, कुठल्या झाडाला किती हे सांगावं लागलं नाही. मडक्यांचा हा उपयोग मला फार मोलाचा वाटतो.

पण खरं सांगायचं तर झाडं वाचली ती पाण्यापेक्षा सावलीमुळे. आपण पानं बघतो आणि मार खातात मुळं. उन्हात ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत उन्हाकडच्या बाजूची माती सहज चाळिशीपार जाते, बारीक मुळं तिथेच भाजतात आणि माती ओली असूनही झाड माना टाकतं. मग आपण आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळं कुजतात. वाळवंटात निदान रात्री गारवा उतरतो. आपल्याकडे हवा दमट आणि तापलेला कठडा रात्री उशिरापर्यंत धग सोडत असतो. म्हणून जाळी फक्त वर नको, कुंडीच्या अंगावर सावली पडेल इतकी खालपर्यंत आणा. प्लास्टिकच्या कुंड्या मी मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवल्या आणि मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या भरल्या. दुपारी हात लावला की फरक लगेच कळतो.

75 टक्क्यांची जाळी घेऊ नका, मोगऱ्याला कळ्या कमी लागतात. फेब्रुवारीत छाटलेला माझा मोगरा मार्चअखेरपासून फुलत होता. जास्वंदीवर मे महिन्यात पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) आला, त्याला मडकं काय करणार! कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी संध्याकाळी फवारत राहिले. गुलाब जगला, पण फुलं बटणाएवढी. उन्हाळ्यात त्याच्याकडून याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. अडेनियम आणि बोगनवेलीला मडकं देऊच नका. अडेनियम मूळचं अरबस्तान-आफ्रिकेकडचं, बुंध्यात पाणी साठवणारं. सतत ओल राहिली की बुंधा मऊ पडतो. बोगनवेल तर जरा तहानलेली असली की जास्त फुलते.

टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मडक्यावर पांढरा थर धरतो आणि झिरपणं कमी होतं. व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर बुडवून काथ्याने घासलं की भोकं मोकळी होतात. जूनमध्ये मडकी काढताना मोगऱ्याच्या मडक्याला पांढऱ्या बारीक मुळांचं जाळं इतकं घट्ट बिलगलेलं होतं, की ते ओढून न काढता तसंच ठेवलं. पावसाळाभर त्यात पाणी घालणार नाही, पणती मात्र तोंडावर राहील. बाकीची धुऊन वाळवून माळ्यावर टाकली आहेत.