साउंडबॉक्स: वर्षभर गल्ल्याशेजारी ठेवल्यानंतर

पैसे जमा झाल्याची आरोळी देणारा डबा आमच्या किराणा दुकानात येऊन वर्ष उलटलं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. सगळ्यांचे डबे साधारण सारखेच, आणि मला सांगायचंय ते डब्यापेक्षा त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल जास्त आहे.

आधी यंत्राचं उरकून घेते. आत एक सिम, बॅटरी आणि स्पीकर. गिऱ्हाइकानं आमच्या क्यूआरवर पैसे टाकले की कंपनीच्या सर्व्हरकडून सिमवर निरोप येतो आणि डबा मराठीत रक्कम बोलतो. आवाज खणखणीत. चार्जिंग दोन-तीन दिवस पुरतं. कुणी क्यूआर सोडून थेट माझ्या मोबाइल नंबरवर पैसे पाठवले तर मात्र गप्प. बस, एवढंच. बसवायला आलेल्या पोरानं अर्धा तास ॲपमधली फीचर्स दाखवली, त्यातलं एकही मी पुन्हा उघडलेलं नाही.

मग तो गल्ल्याशेजारी टिकला कसा? संध्याकाळी साडेसहाला येऊन बघा. काउंटरला सात-आठ जण, माझे हात साखर तोलण्यात, आणि समोरचा मोबाइल नाकासमोर धरून म्हणतो, "ताई, गेले बघा." तो हिरवा टिकमार्क खरा की खोटा हे कोण बघत बसणार? खोटी पावती दाखवणारी ॲप आलीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण रोजच्या माणसाला "थांबा, बघू द्या" म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर संशय घेणं, आणि तालुक्याच्या गावात ते चार दिवस चर्चेत राहतं. हे अवघडलेपण डब्यानं स्वतःवर घेतलं. आता मी काही बोलतच नाही. गिऱ्हाईकच पायरीवर थांबून विचारतं, "वाजलं का?" समोरच्या बिल्डिंगमधल्या बाई तर डबा बोलल्याशिवाय पिशवीला हात लावत नाहीत.

याच खणखणीत आवाजाचा जाचही आहे. महिन्याची उधारी फेडायला आलेल्या बाईची रक्कम अख्ख्या दुकानाला ऐकू जाते. गल्लीतली एक जण आधी हळूच सांगते, "वहिनी, जरा बारीक करा," मग स्कॅन करते. दहा-वीस रुपयांची पुडी घेणारेही हल्ली रोखच देतात, घरचं कुणी रांगेत असलं तर विशेष. आणि आमच्या सासूबाई आतल्या खोलीत बसून धंद्याचा अंदाज बांधतात. दुपारी आवाज येईनासा झाला की, "आज थंडच दिसतंय गं." कंपनीच्या माहितीपत्रकात हा उपयोग छापलेला नाही!

यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं, नोव्हेंबरात नोटबंदी झाली, आणि रोकड आता संपलीच असं ज्याच्या-त्याच्या तोंडी होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयचे महिन्याचे व्यवहार १,००० कोटींच्या पुढे गेले हे खरं. पण नोटबंदीच्या वेळी चलनात १७ लाख कोटींहून जास्त रुपयांच्या नोटा होत्या, त्या आता दुपटीच्या घरात गेल्यात, हेही तितकंच खरं. आमच्या गल्ल्यात दोन्ही दिसतं. दूध, पाव, बिस्किटं यूपीआयवर. बाजारच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरून येणारी मंडळी रोख देतात, कारण त्यांच्या हातात मजुरीच रोख पडते. खरा फटका बसला तो चॉकलेटना. सुट्टे नाहीत म्हणून जी हातावर टेकवायचो, ती बरणी आठवड्यात रिकामी व्हायची, आता महिना काढते.

उधारीची वही मात्र जाडच होत चालली. पूर्वी "पगार झाला की देतो" असायचं, आता त्यात "रेंज नाही, रात्री टाकतो" याची भर पडली. रात्री टाकणारे थोडेच.

१२ एप्रिल २०२५, शनिवार, हनुमान जयंती. तेल-नारळांना गर्दी, आणि भरदुपारी देशभरच यूपीआय अडकलं. डबा मुका. कुणाचे पैसे कापले गेलेत, कुणाचे नाहीत, काही कळेना. ओळखीच्यांचं वहीत लिहिलं, अनोळखी लोक एटीएमकडे धावले. त्या दिवशी दुकान चाललं ते माणसांच्या ओळखीवर.

नंतर जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा निघाल्या आणि बंगळुरात कितीतरी टपऱ्यांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. त्या बातमीनं आमच्या शेजारच्या चहावाल्यानंही स्टिकर काढून ठेवला. जीएसटी नोंदणीची मर्यादा मालविक्रीला ४० लाख, सेवांना २० लाख. त्याची उलाढाल त्याच्या आसपासही नाही. समजावून सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, नोटीस आल्यावर तुम्ही येणार का माझ्याबरोबर?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तंत्र तेच, नेटवर्क तेच, पण स्टिकर परत लागायला दिवाळी उजाडली.

तक्रार एकच, भाड्याची. सुरुवातीला फुकट म्हणून दिला, मग रोजच्या जमेतून भाडं कापायला लागले. कस्टमर केअरला विचारलं तर योजना बदलली म्हणे. "डबा घेऊन जा" म्हटल्यावर त्याच फोनवर दर उतरला. तेव्हा पहिल्या दिवसापासून घासाघीस करा.

एकटीनं काउंटर सांभाळत असाल, किंवा दुपारी पोराच्या भरवशावर दुकान सोडत असाल, तर जरूर घ्या. फोन पोराच्या हातात द्यावा लागत नाही, ही मोठी सोय. दिवसाला मोजकीच गिऱ्हाइकं असतील तर फोनवर येणाऱ्या मेसेजचा टोन पुरतो, भाडं कशाला भरायचं? आणि डबा असला तरी सकाळी दुकान उघडल्यावर क्यूआरच्या स्टिकरची कड नखानं खरवडून बघा. २०२५ च्या जानेवारीत खजुराहोत रातोरात दुकानांच्या क्यूआरवर भामट्यांनी आपले क्यूआर चिकटवले होते. तसं झालं तर डबा वाजणार नाही आणि लबाडी लगेच कळेल, पण तोवर पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे गेलेले असतील, आणि वाद तुमच्याच काउंटरवर होईल.